फोरमनचा शब्द आणि माझा रकाना

दोन माणसं भांडायला लागली की फोरमन त्यांच्यापुढे एकेक कोरा कागद टाकायचे आणि म्हणायचे, "आता ह्याचं म्हननं त्यानं लिवायचं, आन् त्याचं ह्यानं. सोताचं लिवायचं न्हाई." समोरचा कितीही मोठा साहेब असो, त्याला पेन हातात घ्यावंच लागे. लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवायचं. "मला असं म्हणायचंच नाहीये!" असं कुणी ओरडलं की कागद फाडायचा, दुसरा घ्यायचा. दोघंही एकमेकांच्या कागदाला "हां, हेच" म्हणेपर्यंत चहा मिळायचा नाही. मी एकदा दीड तास बिनचहाची बसले आहे, आणि भांडण माझं नव्हतंच.

आता आमच्याकडे बाहेरून माणसं येतात, दोन दिवसांचं शिबिर घेतात, भिंतीला रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात आणि वेगवेगळ्या खात्यांच्या मागण्यांचा मेळ कसा घालायचा ते इंग्रजीतून शिकवतात. जेवणाला पनीर असतं. फोरमनचं नाव कुणी काढत नाही. काढलंच तर "जुन्या वळणाचे होते" म्हणून हसतात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. हे शांतपणे लिहायचं असं ठरवून बसले होते, पण दुसऱ्याच परिच्छेदात माझा ताबा सुटला. जाऊ द्या. मी बार्शीची आहे, राग आला की तो तोंडावर दिसतोच.

चाकणला आमची कंपनी गाड्यांसाठी पत्र्याचे सुटे भाग प्रेसवर दाबून काढते. फोरमन तिथं टूलरूमला, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, डाय, बनवतात तिथं, फोरमन होते. गुडघे गेले तेव्हा कंपनीनं त्यांना आमच्या सॉफ्टवेअरच्या खोलीत आणून बसवलं आणि 'प्रॉडक्ट ओनर' केलं. म्हणजे कारखान्याच्या सॉफ्टवेअरनं काय करायचं, काय नाही, हे ठरवणारा माणूस. पद कुणालाच नको होतं, कारण सगळ्या खात्यांच्या शिव्या त्यालाच. फोरमनना ती पाटी दाखवली तेव्हा ते म्हणाले, "ओनर? मोशीत इंद्रायणीच्या काठाला आमची जमीन व्हती तवा मी ओनर व्हतो. आता तितं बिल्डिंगा झाल्या, आन् मी हितं ओनर व्हय? दावा बगू सात-बारा!" पाटी बदलली, पण आम्ही त्यांना फोरमनच म्हणत राहिलो. माझं काम त्यांच्या हाताखाली. लोकांची मागणी ऐकायची, ती छोट्या छोट्या चिठ्ठ्यांत उतरवायची आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना द्यायची.

चिठ्ठीत 'युजर' हा शब्द लिहिला की फोरमन ती परत करायचे. "युजर कोन? त्याचं गाव कुटलं? त्याला चष्मा हाय का?" आम्हाला वाटायचं म्हातारा फिरकी घेतोय. मग आम्ही प्रेसवर लावायला एक सुंदर स्क्रीन केली, गोल गोल बटणं, मंद निळा रंग. फोरमननी ती लिहिणाऱ्या इंजिनिअरला खाली नेलं, कामगारांचे जाड हातमोजे त्याच्या हातात चढवले आणि म्हणाले, "दाब." बटण दाबलं जाईना. हातमोजा काढायला लागला तर यांनी हात धरला. "कामगार तो काडत न्हाई. काडला तर बोट जाईल. तू बी काडू नगंस." जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याला तिथंच उभा ठेवला. बिचारा घामाघूम झाला, पण दुसऱ्या दिवशी बटणं तळहाताएवढी झाली.

आमचं काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत चालायचं. जग त्याला स्प्रिंट म्हणतं, फोरमन पंधरवडा म्हणायचे. पंधरवडा सुरू झाला की मधेच चिठ्ठी घुसडायची नाही, मग वरून देव येवो. प्रॉडक्शनचे पाटील एकदा "अर्जंट आहे हो, फक्त एवढंच करा" म्हणून आले. फोरमन म्हणाले, "पोळी तव्यावर असताना पीठ बदलत न्हाईत पाटील. सोमवारी या." पाटील चरफडत गेले आणि सोमवारपर्यंत ते अर्जंट काम काय होतं हेच विसरले.

देवमाणूस वगैरे नव्हते हो ते. भयंकर हेकट होते. मेल लिहायचे नाहीत, वाचायचेही नाहीत. "कागदावर काय ठरलं ते माज्या ड्रॉवरात हाय" म्हणायचे, आणि ड्रॉवरची किल्ली त्यांच्याच खिशात. एखाद्या नव्या पोरीनं चूक केली तर चारचौघांत असं काही बोलायचे की तिनं रडत बाथरूम गाठावं. मलाही रडवलंय. आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे शब्द देऊन टाकायचे. वरच्यांना न विचारता, कुठं सही न घेता, छातीवर हात मारून मोकळे. मला त्यांचा राग येतो तो या खोडीचा येतो, अजून येतो.

ज्या भांडणाबद्दल सांगायचंय ते रिजेक्शनचं. प्रत्येक प्रेसवर आम्ही एक टॅब लावणार होतो. किती तुकडे खराब गेले आणि का गेले, हे कामगारानं त्यावर भरायचं. पाटलांचं म्हणणं, प्रत्येक नोंदीपुढे कामगाराचं नाव दिसलं पाहिजे, नाहीतर मी जाब कुणाला विचारू? क्वालिटीच्या देशपांडे मॅडम म्हणाल्या, नाव दिसलं तर एकही माणूस खरं भरणार नाही, खराब माल चांगल्याखाली दडपतील. तीन महिने मेलामेली चालली होती. एकमेकांच्या मेलवर जगाला कॉपी! शेवटी फोरमननी दोघांना पहिल्या पाळीत तीन नंबरच्या प्रेसपाशी उभं केलं आणि कागद दिले.

त्या प्रेसवर मंदाताई होत्या. परभणीकडच्या, कंत्राटावर लागलेल्या, नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या जिवावर. त्यांचं काम चालू आणि शेजारी हा तमाशा. पाटलांनी पहिल्यांदा लिहिलं, 'मॅडमना कामगारांना पाठीशी घालायचं आहे.' मॅडम कडाडल्या. कागद फाटला. दुसराही फाटला. तिसऱ्यांदा पाटलांनी लिहिलं, 'मॅडमना खरा आकडा पाहिजे आणि भीती घातली तर तो मिळणार नाही.' मॅडम म्हणाल्या, "हां, हेच." मग त्यांनी आपला कागद वाचला: 'पाटलांना रोज वरून शिव्या बसतात आणि नेमकं कुठं बिघडतंय ते त्यांना कुणी सांगत नाही.' पाटलांनी नुसती मान हलवली. प्रेसच्या आवाजात उभ्याउभ्या ठरलं, की नाव दाखवायचं नाही. मशीन, डाय, कारण आणि वेळ एवढंच. माणसाला काही सांगायचं असेल तर समोर जाऊन तोंडानं सांगायचं.

मंदाताईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, "फोरमन, आम्ही खरं लिहिलं आन् उद्या आमच्यावरच आलं तर?"

"खरं लिवा मंदाबाई," फोरमन म्हणाले. "कुनाला काय व्हनार न्हाई. माजा शब्द हाय."

झालं. त्या बाईनं शब्दावर विश्वास ठेवला. चार महिने तिनं इमानेइतबारे एक-एक खराब तुकडा नोंदवला. बाकीचे हात राखून भरायचे, ही सगळं भरायची. तिच्याच नोंदींवरून मॅडमना कळलं की एका डायची धार ठरावीक मालानंतर जातेय. डाय वेळेवर घासायला लागले, आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारी थांबल्या. पाटील स्वतः मंदाताईंना चिवड्याचा पुडा देऊन गेले. पाटील! फोरमन दिवसभर हसत होते.

मग नवे साहेब आले. बाहेरून आलेले, प्लँटचे मुख्य. बोलताना दर वाक्यात 'ट्रान्सपरन्सी'. फोरमन तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तीन आठवड्यांच्या रजेवर होते. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "एक छोटा रकाना हवाय. नोंदीपुढे ऑपरेटरचं नाव. डेटा तर आहेच ना?" डेटा होताच. पाळी सुरू करताना प्रत्येक जण कार्ड लावायचा, ते आत साठत होतं. आम्ही फक्त दाखवत नव्हतो. मी म्हटलं, "फोरमन आले की विचारते." साहेब हसले. "एवढंसुद्धा तुम्हाला ठरवता येत नाही? मी तर टीम लीडसाठी तुमचंच नाव धरून होतो."

बस. एवढं पुरलं मला. जीभ टाळ्याला चिकटली माझी, एरवी बार्शीची म्हणून मिरवते ती. पंधरवडा अर्ध्यावर होता. देशपांडे मॅडम चार पावलांवर बसत होत्या. मी त्यांच्याकडे गेले नाही, पाटलांकडे गेले नाही. माझ्या जागेवर येऊन चिठ्ठी लिहिली, 'युजरचे नाव दिसावे', आणि पुढे सरकवली. वीस मिनिटांचं काम. दुपारच्या चहाच्या आत रकाना उघडला, आणि त्यात नुसती त्या दिवशीची नावं आली नाहीत. मागचे चारही महिने नावानिशी उलगडले.

पुढच्या आठवड्यात कंत्राटदाराकडे यादी गेली. सर्वांत जास्त खराब माल काढणारे सहा जण, सोमवारपासून पाठवू नयेत. पहिलं नाव मंदाताईंचं. काय म्हणावं या अकलेला? जिनं सगळं लिहिलं तिचाच आकडा मोठा दिसणार ना, रे बाबांनो! सात नंबरच्या प्रेसवरच्या गड्यानं चार महिन्यांत एकही तुकडा खराब दाखवला नव्हता, त्याचा फोटो 'उत्कृष्ट ऑपरेटर' म्हणून गेटजवळच्या फळ्यावर लागला. येताजाता सगळा कारखाना तो फोटो बघून गालात हसायचा. साहेब सोडून.

मॅडम साहेबांशी भांडल्या, पण त्यांना "आकडे आहेत ना समोर" एवढंच उत्तर मिळालं. पाटील गप्प बसले. मीही गप्प बसले.

फोरमन काठी टेकत कामावर आले ते आधी माझ्याकडे आलेच नाहीत. थेट खाली गेले. तीन नंबरवर दुसरीच बाई बघितली, टॅबवरचा रकाना बघितला, आणि मग जिना चढून वर आले. माझ्यासमोर उभे राहिले.

"कोनाला इचारलंस?"

"साहेबांनी सांगितलं होतं."

"सांगितलं कोनी ते इचारत न्हाई मी. तू कोनाला इचारलंस?"

"कुणालाच नाही."

ते ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. देवा, ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चल माज्यासंगं," आणि साहेबांच्या केबिनकडे निघाले.

साहेब उठून उभे राहिले, तब्येत विचारली. फोरमननी बसायला नकार दिला. म्हणाले, "रकाना काडा आन् त्या साही जनांना परत घ्या."

"डेटा खोटा आहे का फोरमन?"

"खरा हाय. म्हनून तर म्हनतोय. जिनं खरं लिवलं तिला घालवलीत, आन् ज्यानं दडवलं त्याचा फोटू लावलात. उद्यापास्नं हितं कोन खरं लिवंल?"

साहेब म्हणाले, "काही होणार नाही असं तुम्ही त्यांना सांगितलं होतंत म्हणे. कुणाच्या परवानगीनं?"

त्या माणसाच्या तोंडून संपूर्ण वर्षात एवढी एकच बरोबर गोष्ट निघाली, आणि ती नेमकी तिथं निघाली याचा मला आजही संताप येतो. फोरमन म्हणाले, "त्ये मातर माजं चुकलं. शब्द माजा हुता, कंपनी माजी नव्हती. तुमी त्यांना घेत नसाल तर मी बी जातो."

मला वाटलं साहेब थांबवतील. निदान खोटं खोटं तरी. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "एच.आर.ला एक मेल टाका."

फोरमनना मेल कुठं लिहिता येत होता! त्यांचा राजीनामा मी टाइप केला. ते शेजारी काठीवर भार देऊन सांगत होते आणि मी इंग्रजीत उतरवत होते, स्वल्पविराम तपासत. 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहू का विचारलं तर म्हणाले, "न्हाई. कारन लिव. शब्द पाळता आला न्हाई म्हनून." एच.आर.नं नंतर ते वाक्य काढायला लावलं. मी काढलं. तेही मीच काढलं.

त्यांना सोडायला मी गेटपर्यंत गेले. एका हातात डबा, एका हातात काठी. बस यायची होती. म्हणाले, "तुज्यावर राग हाय माजा पोरी. लवकर जायचा न्हाई."

मी म्हटलं, "माझाही तुमच्यावर आहे. शब्द कशाला दिलात?"

"व्हय," ते म्हणाले. "असनारच."

बस आली. त्यांनी आधी काठी वर ठेवली, मग गुडघा, आणि चढून बसले. खिडकीतून बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर काय झालं ते शेंबडं पोरही सांगेल. नोंदी आटल्या. महिन्याभरात स्क्रीनवर सगळीकडे शून्य. शून्याचा केक कापला हो आमच्याकडे! साहेबांनी भाषण केलं. आणि पुढं गिऱ्हाइकाकडून ट्रक भरून माल परत यायला लागला, तेव्हा 'हे झालं कसं' म्हणून चौकशी समिती नेमली. डोंबल तुमची समिती. मी टीम लीड झाले आहे. रकाना अजून तिथंच आहे. मी दोनदा तो काढायची चिठ्ठी लिहिली, दोन्हीदा वरून परत आली. तिसऱ्यांदा लिहिणार आहे.

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी मी भोसरीला मंदाताईंची खोली शोधत गेले. सगळं सांगायचं, पाया पडायचं, असं पक्कं ठरवून गेले होते. त्या आता एस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जातात, दिवसभर उभ्यानं तुकडे घासायला. मला बघून त्यांना केवढा आनंद झाला! शेजारणीकडून खुर्ची आणली. आत नवरा निजला होता, तो "कोण आलंय?" म्हणाला तर म्हणाल्या, "कंपनीतल्या मॅडम आल्यात, लई चांगल्या हायेत." मी मान खाली घातली.

"फोरमन पण येऊन गेले," त्या म्हणाल्या. "काठी टेकत इतक्या पायऱ्या चढले बघा. इथंच बसले होते. मी लई बोलले त्यांना. म्हणलं, तुमच्या शब्दावर आमचं घर बसलं. आमच्याकडून खरं लिहून घेतलंत आन् तुम्हीच आमची नावं वर लावलीत."

"मग? काय म्हणाले?"

"काय म्हणतील? म्हणले, 'व्हय, रकाना मीच टाकायला लावला. माजी चूक हाय.' हात जोडले. मी चहासुद्धा नाही दिला त्यांना मॅडम. राग आला होता, नाही दिला."

मला दिला. आलं घालून, बशीत दोन बिस्किटं ठेवून. मी तो प्यायले. त्या पुढं आणखी काही तरी सांगत होत्या, कोपऱ्यातल्या दुकानाचं, पाण्याच्या वेळेचं. मी तोंड उघडलं आणि "येते मी" म्हटलं. जिना उतरले, स्कूटर काढली, घरी आले. वर जाताना काय ठरवलं होतं आणि काय करून आले! थू माझ्या जिनगानीवर.

फोरमन मोशीलाच राहतात, माझ्या घरापासून दोन स्टॉपवर. फोरमनकडेही मी गेलेले नाही.

म्हणून हे लिहिलं. उद्या याचा छापील कागद घेऊन भोसरीला जाणार आहे आणि मंदाताईंसमोर बसून मोठ्यानं वाचणार आहे, कारण नुसतं बोलायला लागले की माझी वाचा जाते, हे मला आता कळलंय. मंदाताई, तुम्ही ज्यांना बिनचहाचं पाठवलंत ते नावं वर लागली तेव्हा गुडघा बांधून घरी पडले होते. त्यांना काही माहीतसुद्धा नव्हतं. ते तुमच्याशी खोटं बोलले, आणि माझ्यासाठी बोलले. रकाना मी टाकला.